क्षेत्रपालाचा द्रोण

टाळ थांबवा जरा. मृदंगावरचा हात आवरा, बुवा. आणि मागं ते ज्यांच्या खिशात वाजतंय ना, त्यांनी एक तर बंद करा, नाहीतर बाहेर जाऊन बोलून या. मी थांबतो. मला घाई नाही... झालं? बरं.

मंडळी, ऐका. आता मी एक विचारणार आहे. उत्तर लगेच देऊ नका. लगेच दिलेलं उत्तर आपल्या सोयीचं असतं.

देवाला वाहायचं फूल होतं. ते एका जिवानं कुरतडलं. देवाचं फूल नासलं म्हणून तुम्ही त्या जिवाला मारलं. तर सांगा — मारलं कुणी? देवानं, का तुम्ही?

हे पुढं बसलेले फेटेवाले आजोबा लगेच म्हणाले, देवासाठी मारलं म्हणजे देवानंच मारलं! का हो आजोबा? देव आला होता तुमच्याकडं? म्हणाला होता, अरे माझ्या झेंडूला भोक पडलंय, मला झोप लागेना? हसू नका. पुढं हसण्यासारखं फार काही नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आंबेखिंड नावाचं गाव. डोंगराच्या कुशीत. गावाच्या वरच्या अंगाला जोगेश्वर महादेवाचं देऊळ, देवळाच्या मागं ओढा, आणि देऊळ नि ओढा यांच्या मधोमध देवाचा मळा. मळा म्हणजे केवढा? चार बैलगाड्या उभ्या राहतील एवढा. पण फुलाला जागा किती लागते? झेंडू, तगर, दोन कण्हेरी, आणि कडेला एक जुना बेल.

हा मळा राखायचा रामलिंग गुरव. गाव त्याला लिंगू म्हणायचं. वय पंचेचाळीस, अंग काटकीसारखं, हात मात्र देखणा. त्याच्या हातची माळ बघितली तर वाटायचं, फुलं झाडावरच अशी ओळीनं आली असतील. देवाची पूजा गुरवांच्या दोन घरांत. एक लिंगूचं, दुसरं त्याच्या आतेभावाचं, मार्तंडचं. आणि पूजेची पाळी कुणाची, हे ठरायचं श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी.

कसं ठरायचं? ऐका, हे फक्त त्याच गावात. ज्याची पाळी चालू आहे त्यानं त्या सोमवारी हजार फुलांची एक माळ करायची. शिखरापासून पिंडीपर्यंत सोडायची. पहाटे गावचे पाच पंच पायरीवर बसणार आणि एकेक फूल हातात घेऊन बघणार. हजार! एका जरी फुलाची पाकळी कुरतडलेली निघाली, तर पाळी गेली दुसऱ्या घराकडं. वर्षभर देवाला हात लावायचा नाही. लिंगूच्या आजानं ही पाळी सोडली नाही. बापानं सोडली नाही. लिंगूनं बावीस वर्षं सोडली नव्हती. रोज पहाटे दार उघडून देवाच्या अंगावर पहिलं पाणी घालायचं, ह्यापलीकडं त्या माणसाला जगात दुसरं काही येत नव्हतं, आणि नकोही होतं.

त्याच्या घरात बायको इंदू, आणि म्हातारी आई. गौराआई.

आता ह्या म्हातारीकडं नीट बघा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस दिसायचं ते धुरातनं चालत आल्यासारखं. पण बोटं? बोटांना सगळं दिसायचं! बेलाचं पान हातात घेऊन सांगायची, तीन दळं आहेत का दोन, किडकं आहे का कोवळं. पहाटे उठायची, काठी घ्यायची, मळ्यात जायची. तिथं तिची दोन कामं.

पहिलं काम सांगतो. गोगलगाई वेचायच्या.

गोगलगाय म्हटलं की तुम्हाला पाठीवर शंख घेतलेली आठवते. ही तसली नाही. हिला शंखच नाही. उघडी. बोटाएवढी, काळपट, ओली, बुळबुळीत — काकू, तोंड वाकडं करू नका, तुमच्या न्हाणीत पण आहे ती! दिसली की तुम्ही मिठाचा डबा घेऊन पळता, मला माहीत आहे. तर ही दिवसा दगडाखाली बसते, अंधार पडला की निघते, आणि कोवळं रोप दिसलं की देठापासून साफ. जाताना मागं चकचकीत रेघ सोडते. चोर असून पत्ता लिहून जाणारी ही एकटीच.

म्हातारी काय करायची? संध्याकाळी जुनं गोणपाट गुळाच्या पाण्यात बुडवायची आणि वाफ्यांच्या कडेला पसरायची. रात्री सगळ्या गोगलगाई त्या गोणपाटाखाली जमायच्या. गूळ कुणाला आवडत नाही? पहाटे म्हातारी गोणपाट उलटायची, हातात मोडकी पळी, पळीनं एकेक उचलायची, डालग्यात टाकायची. आणि डालगं घेऊन कुठं? ओढ्याच्या कडेला निर्माल्याचा खड्डा होता, तिथं नेऊन हळूच ओतायची.

लिंगू चिडायचा. म्हणायचा, आये, धरलीस तर मारून टाक की, परत येतील. म्हातारी म्हणायची, "येतील कशाला? तिथं त्यांचं ताट वाढलेलं हाय."

कसलं ताट? अरे, देवाच्या अंगावरनं उतरलेली फुलं, सुकलेला बेल, माळा — एवढं सगळं त्या खड्ड्यात पडायचं. पायाखाली येऊ द्यायचं नाही, ओढ्यात सोडायचं नाही. मग जातं कुठं ते? पन्नास वर्षं टाकतायत, खड्डा भरत का नाही? कारण खाली ह्या गोगलगाई, गांडुळं, वाणी किडे, सगळी पंगत बसलेली! कुजकं खायचं, माती करायची. तीच काळी माती काढून लिंगू वाफ्यात घालायचा, म्हणून झेंडू मुठीएवढा. देवाचं उष्टं खाऊन देवाला फूल द्यायचं काम करत होत्या त्या. हे पुस्तकात कुठं लिहिलंय का, मला विचारू नका. मी खड्डे उकरून बघितलेत.

आणि गोगलगाई फार झाल्या तर? त्याला भारद्वाज होता. बेलाच्या झाडाखाली रोज यायचा, तांबडे पंख, लाल डोळे, राजासारखा चालायचा, चारसहा गोगलगाई उचलायचा नि जायचा. कावळे होते. पावसाळा सुरू होताना काजवे चमकायचे — काजव्याची अळी काय खाते, ठाऊक आहे? गोगलगाय! तुम्ही आपलं पोरांना काजवा दाखवून म्हणता, बघ कसा दिवा लावलाय. दिव्याचं तेल कुठलं, ते कोण विचारतंय.

आता म्हातारीचं दुसरं काम. ते मनात पक्कं धरून ठेवा, कारण सगळी कथा त्यात आहे.

मळ्याच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात एक शेंदरी दगड. तो क्षेत्रपाल. राखणदार. रोज संध्याकाळी गुरवानं त्याच्यापुढं पळसाच्या द्रोणात गूळ नि पोहे ठेवायचे. आणि सकाळी द्रोणात जे काही उरलं असेल, मुंग्या लागलेलं, पावसानं भिजलेलं, ते गौराआई उचलून तोंडात टाकायची. त्याआधी चहाचा घोटसुद्धा नाही. लग्न होऊन आली त्या दिवसापासून एक दिवस चुकला नव्हता. इंदू म्हणायची, सासूबाई, मुंग्या असतात त्यात. तर म्हातारी म्हणायची, त्या आधी जेवल्या म्हणून मला विश्वास.

तर असं चाललं होतं. मग बिघडलं कुठं?

बिघडलं आषाढात. देवळाच्या कमिटीला नवीन अध्यक्ष आले. इस्त्रीचे कपडे, हातात रुमाल. मळा बघायला आले आणि रुमाल नाकाला! म्हणाले, गुरव, हा काय उकिरडा? श्रावणात लोक येणार, फोटो काढणार. हे पेटवून द्या आणि जागा साफ करा. लिंगूनं म्हणायला हवं होतं, साहेब, हा उकिरडा नाही. पण पाळीचा सोमवार तोंडावर, कमिटीशी कशाला वाकडं घ्या? त्यानं दुपारी रॉकेल ओतलं आणि काडी लावली. ओलं निर्माल्य, चार दिवस धुमसत होतं. मग वरनं मुरूम टाकून चोपून काढलं. दिसायला झकास झालं, अध्यक्षांनी फोटोपण काढला.

धुराचा वास येऊन म्हातारी काठी टेकत आली. खड्ड्याच्या कडेला बसली. काठीनं राख चाचपली. मग एवढंच म्हणाली, "लिंगू, आता त्या जेवायला कुठं जातील?"

लिंगू हसला. म्हणाला, आये, तुला त्यांच्या जेवणाची काळजी!

कुठं गेल्या सांगा? तुमच्या घरची चूल कुणी विझवली तर तुम्ही कुठं जाल? शेजारी! आगीतनं वाचलेल्या, दगडाखालच्या, ओढ्याकाठच्या, सगळ्या निघाल्या मळ्याकडं.

श्रावण लागला आणि लिंगू एका सकाळी मळ्यात आला तर झेंडूची एक अख्खी ओळ टक्कल! नुसते देठ. कळ्यांना भोकं. पाकळ्या कातरलेल्या. वाफाभर चकचकीत रेघा. म्हातारी गोणपाटं उलटत होती, पण एकेका गोणपाटाखाली शंभर शंभर, आणि हात एक, पळी एक, डोळे नाहीत. वेचून नेणार कुठं? खड्डा तर चोपलेला. ती आपली ओढ्यापलीकडं नेऊन सोडायची, तोवर दुप्पट यायच्या.

लिंगूनं मीठ आणलं. पाच किलोची पिशवी. संध्याकाळी कंदील घेऊन बसला आणि चिमटी चिमटी टाकत सुटला. मंडळी, मिठानं मरणारी गोगलगाय कधी बसून बघितलीत? टाकून निघून जाता ना? लिंगूनं बसून बघितली. अंगातनं फेस येतो, वळवळते, स्वतःच्याच पाण्यात विरघळत जाते, आणि लवकर मरत नाही. त्याच्या अंगावर काटा आला. पण थांबला? नाही! पिशवी संपवली. आणि आठ दिवसांत काय झालं? मीठ मुरलं मातीत, रोपांची मुळं करपली, अजून एक ओळ गेली.

त्याच सुमाराला मार्तंड मळ्याच्या बांधावर येऊन उभा राहिला. आतेभाऊ. लहानपणी एका ताटात जेवलेले. मनानं वाईट नव्हता तो, पण जीभ आपल्या ताब्यात नसलेला माणूस. म्हणाला, "लिंगूदा, माळ हजाराची करणार का जाळी विणणार? भोकं तयारच हायत."

ते लागलं. आत जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी लिंगू तालुक्याला गेला. औषधाच्या दुकानातनं एक पुडा आणला, पांढरी भुकटी. दुकानदार भला माणूस होता, सगळं सांगितलं त्यानं. गूळ नि कोंड्यात मिसळा, फुटक्या कौलाखाली झाकून ठेवा, उघड्यावर नको, हाताला पिशवी बांधा, सकाळी उरलेलं गोळा करून खोल पुरा, आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. लिंगूनं ऐकलं काय? गूळ नि कोंडा. एवढंच. बाकीचं कानावरनं गेलं. तुम्ही नाही का, डॉक्टर पथ्य सांगत असतो आणि तुमचं लक्ष गोळीवर!

आता ह्या माणसाची चूक बघा. दुसऱ्या कुणी केली नसती अशी चूक. शेतकरी असता तर त्यानं मूठभर फेकलं असतं. पण लिंगू पडला गुरव. जन्मभर ह्या हातांनी काय केलं? गूळ कालवला, गोळा वळला, द्रोणात ठेवला. हाताला दुसरं येतच नव्हतं! त्यानं ते विषसुद्धा निगुतीनं कालवलं, लिंबाएवढे गोळे वळले, पळसाचे द्रोण घेतले, प्रत्येकात एकेक ठेवला आणि ओळीनं मांडले. ओढ्याकडनं गोगलगाई जास्त येत म्हणून एक द्रोण ठेवला त्या कोपऱ्यात, क्षेत्रपालाच्या दगडाजवळ. लांबनं बघितलं असतं तर वाटलं असतं, आज काय उत्सव आहे का?

क्षेत्रपालाचा खरा द्रोण तो त्या दिवसांत दगडाच्या दुसऱ्या अंगाला ठेवत होता, आणि पहाटे आई उठायच्या आत आपले विषाचे सगळे उचलत होता. इंदूनं विचारलं, सासूबाईंना सांगितलंत का? तो म्हणाला, "नको. पळीनं मारायला सांगितलं तर बोलणी खातो, हे कळलं तर जेवायची न्हाई. सोमवारपतोर गप बस."

गप बस. बघा, विष पुड्यात होतं तोवर पुड्यात होतं. घरात शिरलं ते ह्या दोन शब्दांतनं.

पहिल्या पहाटे गोगलगाईंचा सडा. लिंगूनं खराट्यानं लोटल्या, पाटीभर निघाल्या. दुसऱ्या दिवशी निम्म्या. कळ्या वाचायला लागल्या. तिसऱ्या दिवशी बेलाखाली काहीतरी तांबडं पडलेलं दिसलं. त्याला वाटलं, फडकं. जवळ गेला तर भारद्वाज. पंख पसरलेले, चोचीला फेस, लाल डोळा उघडा. त्याच्या पलीकडं दोन कावळे. विष खाऊन मेलेल्या गोगलगाई त्यांनी खाल्लेल्या.

लिंगूनं इकडं तिकडं बघितलं. कुणी नव्हतं. खड्डा काढला, पुरले, वर पाला टाकला. हात धुतले आणि त्याच हातानं देवाला पाणी घातलं.

म्हातारी संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाली, "भारद्वाज दोन दिस बोलंना गं इंदू. कुठं गेला म्हणायचा?" इंदूनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा वाती वळत होता. मान वर केली नाही त्यानं.

आता विचारा स्वतःला. इथं थांबता आलं असतं का? आलं असतं! मेलेला पक्षी हातात आला होता, आणखी कुणी काय सांगायला पाहिजे होतं? पण सोमवार चार दिवसांवर. माणूस चार दिवसांसाठी काय काय करतो हो.

रविवारी संध्याकाळी शेवटचे गोळे मांडले. मन सगळं फुलांत. हजार भरतील का, नऊशे नव्वद भरतील? त्या गडबडीत काय राहिलं? क्षेत्रपालाचा द्रोण! खरा, गूळ-पोह्यांचा. बावीस वर्षांत पहिल्यांदा विसरला. त्या कोपऱ्यात दगडापुढं द्रोण होता एकच.

पहाटे तीनला उठला, फुलं तोडली, पाटी भरली, थेट देवळात. द्रोण उचलायचे राहिले. म्हणाला असेल, पंचांचं झालं की उचलू. काय म्हणाला ते त्यालाच ठाऊक.

देवळात पाच पंच बसले. समईच्या उजेडात एकेक फूल फिरवून बघायला लागले. शंभर झाली. तीनशे झाली. मार्तंड खांबाला टेकून उभा. सातशे झाली. लिंगू सुई-दोरा घेऊन बघून झालेलं एकेक फूल ओवतोय. नऊशे. हजारावं फूल पंचांतल्या पाटलांनी नाकाला लावलं, हसले, म्हणाले, "रामलिंगा, ह्या वर्षीसारखी फुलं मी बघितली न्हाईत. एक डाग न्हाई."

बावीस वर्षांत लिंगूला एवढं सुख झालं नव्हतं. डोळे भरून आले. त्यानं पिंडीकडं बघितलं. मंडळी, ते सुख किती वेळ टिकलं असेल? पाटलांनी फूल खाली ठेवायला जेवढा वेळ लागला तेवढाच.

कारण पायरीवर इंदू उभी होती. डोक्यावर पदर नाही, पायात काही नाही. ओरडली नाही ती. हळूच म्हणाली, "अहो, सासूबाईंनी द्रोण खाल्ला."

सुई बोटात रुतली तरी त्याला कळलं नाही.

म्हातारी क्षेत्रपालाच्या दगडाजवळच पडली होती. नेहमीसारखी आली, चाचपलं, द्रोण लागला हाताला. पोह्यांच्या जागी गोळा कसा, हे बोटांना कळलंच असेल! पण देवापुढच्या द्रोणावर शंका कोण घेतं? तोंडातनं लाळ, अंगाला घाम, डोळ्यांची बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी. लिंगूनं उचलून पाठीवर घेतली. जीप मिळाली. घाटाचा रस्ता, पाऊस, खड्डे. आईचं डोकं मांडीवर. दुसऱ्या वळणावर तिनं डोळे उघडले, मुलाचा गाल चाचपला आणि म्हणाली, "आज गूळ जास्त घातलास रं लिंगू. ग्वाड हुतं."

पाचव्या वळणावर गेली.

म्हणा, विठ्ठल. नुसतं हळू म्हणा... विठ्ठल. विठ्ठल.

आता घरात मरण. म्हणजे सुतक. दहा दिवस देवाला शिवायचं नाही. ज्या पाळीसाठी हे सगळं केलं, ती त्याच दुपारी गेली मार्तंडकडं! आणि ती हजार फुलांची माळ? सुतकातल्या घरच्या फुलांची माळ देवाला चालत नाही.  शेवटी मार्तंडनं आपल्या परसातनं फुलं आणली. त्याच्याकडंही गोगलगाई होत्याच की. त्याची फुलं चारातली दोन कुरतडलेली. वेळ नव्हता, दुसरी नव्हती, तीच वाहिली देवाला. पाकळ्यांना भोकं असलेली, वेडीवाकडी! आणि देव काय म्हणाला? काही म्हणाला नाही. पिंड होती तशीच होती. तीन पिढ्यांत कुणी एकदासुद्धा करून बघितलं नव्हतं, म्हणून कुणाला माहीत नव्हतं.

तिन्हीसांजेला तिरडी बांधत होते, तेव्हा मार्तंड दोन्ही हातांवर ती हजाराची माळ घेऊन आला. आता जीभ गप्प होती त्याची. म्हणाला, "लिंगूदा, ही आईलाच घाल." शिखरापासून पिंडीपर्यंतची माळ, म्हातारीच्या अंगावर चार पदर झाली. एक डाग नाही फुलांवर. एक भोक नाही.

पण कथा इथं संपत नाही. संपली असती तर लिंगू सुटला असता.

गावात काय बोलणं झालं? म्हातारीला दिसत नव्हतं, चुकून खाल्लं, वय झालं होतं. लिंगू ऐकत होता. हो म्हणत नव्हता, नाही म्हणत नव्हता. आईचं मरण आईच्याच डोळ्यांवर ढकललं जात होतं, आणि तो ढकलू देत होता.

दहावा दिवस. ओढ्याकाठी, उंबराखाली. झिमझिम पाऊस. भाताचा पिंड ठेवला पानावर, सगळे मागं सरले, कावळ्याची वाट बघायला लागले. अर्धा तास. तास. कावळा नाही. त्या मळ्यावर एरवी कावळ्यांची शाळा भरायची! आज काव नाही. लोक कुजबुजले, म्हातारीचं मन अडकलंय कशात तरी. लिंगूला म्हणाले, वचन दे. लिंगू हात जोडून म्हणाला, आये, तुझं वर्षश्राद्ध नीट करीन. नाही आला. तुझी काठी देवळात ठेवीन. नाही. इंदूला अंतर देणार नाही. नाही. भटजी म्हणाले, दुपार झाली, आता दर्भाचा कावळा करू आणि शिवू.

तेव्हा लिंगू खाली बसला. गुडघ्यावर. आणि सगळ्या गावापुढं बोलला.

"नका करू. कावळं यायचं न्हाईत. मी मारल्यात. भारद्वाजबी मीच पुरला, त्या बेलाखाली. आयेला दिसत न्हवतं म्हणून ती न्हाई गेली. मी सांगितलं न्हाई म्हणून गेली. इंदू सांगा म्हणत हुती. मीच गप बस म्हणालो."

 पाऊस पडत होता. इंदू तोंडाला पदर लावून उभी होती.

आणि पिंडाच्या पानाखालचा ओला दगड होता ना, त्याच्या कडेनं काहीतरी हललं. एक गोगलगाय. कशी वाचली कुणास ठाऊक. म्हातारीनं पळीनं उचलून ओढ्यापलीकडं सोडलेली असेल, तिकडनं परत आली असेल. तिला काय घाई? आली आपली सावकाश. दोन शिंगं पुढं, पानावर चढली, मागं चकचकीत रेघ. आणि भाताला तोंड लावलं.

कोणीतरी काडी घेऊन पुढं झाला उडवायला. लिंगूनं त्याचा हात धरला. म्हणाला, "राहू दे. शिवलं."

भटजी काहीतरी म्हणणार होते. मार्तंड म्हणाला, शिवलं म्हणतोय ना तो. उठा.

पुढं लिंगूनं काय केलं? कमिटीला विचारलं नाही. चोपलेला मुरूम कुदळीनं उकरला, खड्डा होता तसा केला, मार्तंडच्या पाळीतलं निर्माल्य रोज डालग्यात नेऊन ओततो. संध्याकाळी गोणपाटं भिजवतो. पहाटे मोडकी पळी घेऊन बसतो. पाळी परत मागितली नाही त्यानं. चारपाच वर्षं झाली, त्या बेलाखाली अजून भारद्वाज आलेला नाही. लिंगू रोज बघतो. विष एका आठवड्याचं होतं. वाट बघणं कितीचं आहे, कुणी सांगावं?

आता तुमच्याकडं येतो. चुळबुळ करू नका, काढलेली चप्पल कुठं जात नाही.

तुमच्या परसात, कुंडीत, गोगलगाय येणार. आली तर रोप वाचवू नका असं मी म्हणत नाही. वाचवा! संध्याकाळी पाणी घालता ते सकाळी घाला, रात्री माती कोरडी राहील. रोपाभोवती कोरडी राख टाका. गुळाचं ओलं गोणपाट ठेवा, पहाटे उठा — पहाटे उठायचा कंटाळा, म्हणून तर पुडा आणता तुम्ही! — आणि वेचून पाल्याच्या ढिगावर सोडा. पाल्याचा ढीग नाही? का नाही? पेटवलात ना? फोटो चांगला यावा म्हणून? मग तिच्या नावानं ओरडू नका.

आणि आणलाच पुडा, तर घरात सांगा. चुलीपाशी बसलेल्या म्हातारीला सांगा, दिसत नसेल तर हात धरून, तिचं बोट तिथं लावून सांगा. बोलणी खा. शिव्या खा. लिंगूला आईची बोलणी चुकवायची होती. चुकली. आता ती तो कुठनं आणणार आहे?

सुरुवातीला विचारलं होतं, मारलं कुणी? आजोबा, तुम्ही मघाशी लगेच बोलला होतात. आता बोला.

नाही? बरं. नका बोलू. पण देवाला आज ते फूल वाहणार आहात ना, जाताना ते एकदा उलटून बघा. एखाद्या पाकळीला भोक असलं तर टाकू नका. समजा, तुमच्या आधी कुणीतरी जेवून गेलंय.

वाजवा टाळ.